टिचबटणांची उशी

विमानतळावर एका खाकी कपड्यातल्या माणसासमोर उभं राहून मी माझ्या स्वतःच्या डाव्या छातीला बाळाची उशी म्हटलं होतं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण खोटं एकदा खपलं की आपण फार हुशार आहोत असं वाटायला लागतं, तसं मलाही वाटलं, आणि पुढचा सगळा घोळ त्या हुशारीने घातला. तेव्हा मी छप्पन वर्षांची होते. आजच्या हिशेबाने तशी कोवळीच.

नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारीचं काहीतरी सरकलंय.

आम्ही घाटकोपरचे. मी अजून त्याच घरात आहे. आमच्या गच्चीवरून विमानं इतकी खाली जातात की लेक लहानपणी त्यांच्या खिडक्या मोजायची. त्यामुळे घरात बोलण्याची एक रीतच पडून गेली होती. विमान आलं की वाक्य असेल तिथे थांबवायचं, आणि ते गेलं की तिथूनच पुढे उचलायचं. नवखे पाहुणे गोंधळायचे. आम्हा उभयतांची भांडणंसुद्धा तशीच व्हायची. मी म्हणायचे, "तुमच्या आईने मला आजवर..." मग विमान. मग, "...एकदा तरी चांगलं म्हटलंय का?" यांचं म्हणणं असं की आमचा संसार त्या मधल्या थांबण्यावर टिकला, निम्मा राग विमान घेऊन जायचं. इतकी वर्षं विमानांच्या पोटाखाली काढली, पण विमानाच्या पोटात काही मी कधी बसले नव्हते.

लेक लग्न होऊन बंगलोरला गेली आणि तिला दिवस राहिले. सातव्यात तिला घरी आणायचं ठरलेलंच होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारण्यासारखं काय असतं? मी आतली खोली रंगवून घेतली, जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवली, किलोभर मोहरी आणून निवडली, धुतली आणि गच्चीवर वाळत घातली. तान्ह्या बाळाला मोहरीच्या उशीवर निजवलं की डोकं गोल होतं म्हणतात. माझं अगदी गोल आहे. आत काही आहे का, हा प्रश्न वेगळा.

मोहरी वाळत होती त्याच आठवड्यात अंघोळ करताना हाताला गाठ लागली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, फोटो काढायला लावले, सुई घालून पाहिलं आणि सांगितलं, वेळ घालवू नका, डावी काढावी लागेल. मी विचारलं, "बाळंतपण उरकून आले तर चालेल?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे जे पाहिलं! मग घाईघाईने सांगावं लागलं की माझं नाही हो, लेकीचं.

लेकीला यातलं काही कळू द्यायचं नाही, हे मी घरी येता येता रिक्षातच ठरवलं. माझी आई, मावशी, शेजारच्या झाडून सगळ्या बायका, सगळ्यांनी एक गोष्ट माझ्या डोक्यात ठोकून बसवली होती. पोटुशीला आणि ओल्या बाळंतिणीला धक्का द्यायचा नाही, धक्क्याने दूध आटतं. मी बी.एस्सी. झालेली. शाळेत शास्त्र शिकवायचे. मुलींकडून हृदयाचे कप्पे पाठ करून घ्यायचे. पण वर्गात एक आणि घरात एक, अशा दोन बायका माझ्यात होत्या, आणि त्या दिवशी घरातली जिंकली. खरंच आटलं तर? माझ्या गाठीपायी त्या जिवाचं पहिलं अन्न तुटलं तर? खरं सांगते, ऑपरेशनची मला एवढी भीती वाटली नाही.

मी फोन लावला. "अगं, बिल्डिंगचे पाइप बदलायला काढलेत. भिंती फोडल्यात, घरभर धूळ, पाण्याचा पत्ता नाही. अशात तान्हं बाळ म्हणजे..."

आणि विमान आलं. दोघी थांबलो. त्याच आवाजात वाढलेली पोर ती, तिकडे बंगलोरला फोन कानाशी धरून मुकाट उभी राहिली. विमान गेलं, पण मला वाक्य पुढे उचलता येईना. शेवटी तीच म्हणाली, "बरं."

तिचा रोजचा फोन नंतर आठवड्याने यायला लागला. तिच्या सासूबाईंनी तिचं सगळं मनापासून केलं, पण त्यांनाही एकदा राहवलं नाही. म्हणाल्या, "विहीणबाई, पाइप काय, नंतरही बदलता आले असते." बरोबरच होतं त्यांचं. पोरीला वाटत होतं, आईला आपण जड झालो, आणि मला ते तिला वाटू द्यावं लागत होतं. हे म्हणायचे, "सांगून टाक गं, एवढी काही ती मेणाची नाही." मी म्हणायचे, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं!" त्यांना खरंच कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं, पण मी आई होते.

ऑपरेशन झालं. पुढे पाच आठवडे किरणांचा शेक झाला. मधल्या काळात तिकडे नात जन्माला आली. डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला हो म्हटलं आणि प्रश्न उभा राहिला की आता लेकीसमोर जायचं कसं? एका बाजूने?

हॉस्पिटलमधून मिळालेली होती एक, कापसाची. पण कापूस हलका. सकाळी जागेवर बसवलेली ती दुपारपर्यंत गळ्याशी यायची. बाळाची उशी भरून मोहरी उरली होतीच. त्याच साडीच्या मऊ तुकड्याची मी एक गोल पिशवी शिवली, आणि आत मोहरी किती घालायची ते कळेना म्हणून स्वयंपाकघरातला वजनकाटा ओट्यावर ठेवला आणि त्यावर वाकले. तेवढ्यात हे आत आले.

"काय चाललंय?"

"वजन करतेय."

"कशाचं?"

"उजवीचं. डावी तेवढीच भरायला हवी ना."

हे काट्याजवळ येऊन वाकले. आयुष्यभर कारखान्यात मापं घेतलेला माणूस. मग गंभीरपणे म्हणाले, "काटा आधी शून्यावर आणलास का?"

ऑपरेशननंतर त्या घरात आम्ही दोघं पहिल्यांदा हसलो ते तेव्हा. ओट्याला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हे गेले त्याला आता सहा वर्षं झाली. वजनकाटा अजून आहे. बिघडलाय, पण टाकवत नाही.

तर डावी तयार झाली. सरकू नये म्हणून मी तिला दोन टिचबटणं लावली आणि त्यांच्या जोडीची ब्लाउजच्या आतून. अशी चपखल बसायची की वाटायचं, पेटंट घ्यावं.

पण निघायच्या आदल्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाई आल्या. त्या एकदा दुबईला जाऊन आल्या होत्या आणि तेव्हापासून आमच्या बिल्डिंगमध्ये विमान म्हटलं की त्यांचाच शब्द शेवटचा. म्हणाल्या, "पडद्याआड नेतात हो बायकांना. सगळीकडे चाचपतात. काही म्हणजे काही सोडत नाहीत." झालं. माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं, चाचपणाऱ्या बाईच्या हाताला मोहरी लागलीय, ती ओरडलीय, लोक गोळा झालेत. मग मी शक्कल लढवली. डावी काढून हातातल्या बॅगेत ठेवायची आणि अंगावरून शाल घ्यायची. मे महिन्यात. मुंबईत. शाल.

आधी मी ती डिंकाच्या लाडवांच्या डब्यात तळाशी घालणार होते. हे म्हणाले, "मग तो डबा मी उघडणार नाही, आधीच सांगतो." म्हणून साडीच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळून, देवाच्या पोथीखाली ठेवली. पोथी पाहून तरी कोणी हात घालणार नाही, असा माझा हिशेब.

पडद्याआडची मुलगी तिशीच्या आतली, केसांचा घट्ट अंबाडा घातलेली. तिने यंत्र फिरवलं, हात फिरवला. डावीकडे तिचा हात एकदा थांबला. माझ्याकडे तिने पाहिलं आणि जा म्हणाली. सुटले म्हणत बाहेर येते तर माझी बॅग बाजूला काढलेली. बॅगा तपासायच्या यंत्राच्या पडद्यावर म्हणे आत काहीतरी काळं, दाणेदार, गोल दिसत होतं.

"ये क्या है, माताजी?" खाकीतल्या माणसाने पोथी अदबीने बाजूला ठेवली आणि ती वर काढली. चारचौघांत, ट्यूबलाइटखाली.

"बच्चे का उशी है," मी म्हटलं. "तकिया."

त्याने दाबून पाहिलं. "अंदर क्या है?"

"मोहरी."

"वो क्या होता है?"

मला हिंदी शब्द आठवेना. "वो... काला काला... तेल में डालते है तो उडता है..."

उडता है ऐकल्यावर तो माणूस एक पाऊल मागे सरला. माझ्या शेजारी हे कपाळाला हात लावून उभे. मी जिवाच्या आकांताने म्हटलं, "तडका! तडका!"

"माताजी, बच्चे के तकिये में तडका?"

त्याने शिवण उसवायला काहीतरी शोधायला सुरुवात केली. ती उसवली असती तर बंगलोरला मी कशी उतरणार होते? तेवढ्यात ती अंबाड्याची मुलगी आली. तिने उशी पाहिली, टिचबटणं पाहिली, माझी शाल पाहिली. मग त्याला म्हणाली, "राई है सर. हमारे यहाँ बच्चों को देते है. मैंने देख लिया." त्या काळी हातातल्या बॅगेच्या चिठ्ठीवर शिक्का मारायचे, तो तिने स्वतः मारला. बॅग माझ्या हातात देताना मात्र हळूच, अगदी आपल्या मराठीत म्हणाली, "मावशी, घालूनच यायचं ना! मी अकोल्याची आहे, मला सांगायचं."

आता मी वर्षातून दोनदा बंगलोरला जाते, एकटीच. माझ्याकडे दुकानातली, सिलिकॉनची आहे. हातातल्या पिशवीत दातांची डबी असते, गुडघ्याचा पट्टा असतो, विमानाला उशीर झालाच तर म्हणून म्हाताऱ्यांचे ते लंगोट असतात. लपवत काहीच नाही. पडद्याआड गेले की मीच सांगते, "बेटा, डावी नकली, उजवी असली, वरचे दात नकली." मागे एका मुलीने हसत विचारलं, "आंटी, बाकी सब ओरिजिनल?" मी म्हटलं, "स्वभाव ओरिजिनल. वो नहीं बदलता." पण कोणी अंबाडा घातलेली दिसली की अजून माझी मान वळते. तिचे आभार मानायचे राहूनच गेले.

राहून गेले, कारण त्या क्षणी मी स्वतःवर खूश होण्यात गुंतले होते. खोटं खपलं होतं ना! विमानात बसल्यावर सुचलं, बाळाच्या उशीला दोन अभ्रे शिवलेत, एक धुवायला टाकला तर दुसरा असावा म्हणून. त्यातला एक या डावीला घालून ठेवला, तर लेकीच्या घरात कोणी बॅग उघडली तरी बाळाची जास्तीची उशीच दिसेल. यांना मी ही युक्ती मोठ्या अभिमानाने सांगितली. ते खिडकीला नाक लावून बसले होते. म्हणाले, "थांब, आपली गच्ची दिसतेय का बघू दे."

बंगलोरला लेकीने दार उघडलं. वाकून नमस्कार केला. "झाले का पाइप बदलून?" एवढंच विचारलं. बोलण्यात कुठे काही उणं नव्हतं, तेच जिव्हारी लागत होतं. चहा देताना "साखर बरोबर आहे ना?" असं विचारायची, मी पाहुणी असल्यासारखं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तुला लवकर जायचं असेल ना परत? घर तसंच टाकून आलीस." मी नातीला मांडीवर घेऊन, तिची टाळू तेलाने थापत बसायचे. गाठ, टाके, शेक, सगळं ओठांवर यायचं आणि मी पुन्हा तेलाची वाटी ओढायचे. पोरगी अंगावर पाजत होती. अजून दोन महिने कळ काढ, मी स्वतःला बजावत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळीला गेले. डावी काढून, अभ्र्यात घालून, माझ्या अंथरुणावर ठेवली होती. आठवणीने, व्यवस्थित. इकडे नातीने तिची उशी ओली केली. विहीणबाई टापटिपीच्या. त्यांनी ती बाल्कनीत वाळत टाकली आणि दुसरी कुठे दिसते का म्हणून पाहायला आल्या.

मी गाऊन घालून, गळ्याभोवती टॉवेल घेऊन बाहेर आले, तर पलंगावर माझी नात माझ्या डाव्या छातीवर डोकं ठेवून गाढ झोपलेली. तोंड उघडं, दोन्ही मुठी सुटलेल्या.

"काय झोप लागलीय हो हिला!" विहीणबाई कुजबुजल्या. "सव्वा महिन्यात अशी झोपली नव्हती. ही उशी मध्ये जरा उंच आहे, पण लाभलेली दिसते. आणि काय हो विहीणबाई, उशीला टिचबटणं? फार बाई तुम्हाला हौस!" असं म्हणून त्या हसत चहा टाकायला आत गेल्या.

लेक पलंगाच्या कडेला बसली होती. तिने अभ्र्यात बोट घालून बटण चाचपलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"आई, उशीला बटणं कशाला?"

"निसटू नये म्हणून."

"कशापासून?"

तीस वर्षं मुलींना प्रश्न विचारले होते मी, आता पाळी माझी होती. मी टॉवेल डावीकडे ओढला. तोच माझा मूर्खपणा. ओढला नसता तर तिने कदाचित तिकडे पाहिलंही नसतं.

"कधी?" तिने विचारलं.

"तू सातव्यात होतीस तेव्हा."

"आणि पाइप?"

"पाइप ठीक आहेत. कोणी हातही लावला नाही त्यांना."

ती उठून उभी राहिली. आयुष्यात इतकं कडाक्याचं भांडण आम्ही कधी केलं नसेल, आणि इतक्या हळू आवाजातही नाही. "मला वाटलं तुला नको झाले मी," ती कुजबुजत होती. "रडायचे मी रोज. सासूबाईंना सांगायचे, सर्दी झालीय. आतली खोली रंगवलीस म्हणाली होतीस, आणि मग येऊ नको म्हणालीस! बाबांना माहीत होतं?"

"हळू बोल गं, उठेल ती."

"तू मला हळू बोल म्हणून सांगू नकोस," ती म्हणाली, हळूच. "का नाही सांगितलंस?"

"दूध आटलं असतं तुझं."

"काय?"

"धक्क्याने आटतं. म्हणजे... म्हणतात तसं."

"आई. तू शास्त्र शिकवायचीस."

"पुस्तकात नव्हतं गं हे."

तिने तोंडावर हात दाबून धरला. खांदे हलत होते. हसतेय की रडतेय ते कळेना, तिलाही कळत नसावं. मग तिने मला हाताला धरून शेजारी बसवलं, टॉवेल काढून घेतला आणि गाऊनवरूनच तिथे तळवा ठेवला. यांच्याशिवाय आणि डॉक्टरांशिवाय तिथे कोणाचा हात लागला नव्हता. मी डोळे मिटून घेतले. बराच वेळ तिने हात उचलला नाही. पलीकडे नात घोरत होती, एवढीशी, पण घोरत होती. मग लेकीने खाली स्वतःच्या अंगाकडे पाहिलं, नाक पुसलं आणि म्हणाली,

"बघ, म्हणे आटतं! सगळी भिजले मी. आता उठव तिला, आणि तू ती आधी लावून घे बघू, सासूबाई चहा घेऊन येतायत."